तिसऱ्या पानाची मागची बाजू

एके काळी मी लेखकांसाठी एक पत्रक चालवत होतो आणि ते चांगलं चालत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्रक वेळेवर बुडालं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला एका कचेरीत कारकून होतो आणि फावल्या वेळात विनोदी लेख लिहायचो. दहा पाठवले की सात परत यायचे, दोनांचा पत्ता लागायचा नाही, एखादा छापून यायचा. या खटाटोपात माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे लिहिणारे पुष्कळ आहेत, पण लिहिलेलं कुठे पाठवायचं हे त्यांना सांगणारं कुणी नाही. कोणतं मासिक नवोदितांची कथा घेतं, कुणाला शेतीवरचे लेख हवेत, कोणता संपादक उत्तर देतो, कोण मानधन देतं आणि कोण नुसता अंक पाठवून बोळवण करतं, दिवाळी अंकांसाठी साहित्य कधीपर्यंत पोचायला हवं, हे सगळं मी वहीत टिपून ठेवत असे. तेच मी दर महिन्याला तीन कागदांवर काढून वर्गणीदारांना टपालाने पाठवू लागलो.

काढायचं म्हणजे सायक्लोस्टाईलवर. बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासचं जुनं यंत्र मी घेतलं होतं. स्टेन्सिल मी टाइप करायचो, हँडल बायको फिरवायची. यंत्रात शाई सारखी पसरेपर्यंत पहिले पंधरा-वीस कागद डागाळलेले निघायचे. त्यासाठी चांगला कागद घालायचा नाही, रद्दीतला घालायचा, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो.

पहिल्या वर्षी ऐंशी वर्गणीदार होते, तिसऱ्या वर्षी सहाशेच्या वर गेले. पुणे, मुंबई, नागपूर, बेळगाव. पोस्टमन दारात उभा राहून म्हणायचा, "भाऊ, मनिऑर्डर लोक गावी पाठवतात असं आम्ही शिकलो होतो. तुमच्याकडे गावंच्या गावं पाठवतात!" मला ते आवडायचं. कचेरीत मला 'अहो, ते हे' म्हणत. टपालात मी 'आदरणीय सर' होतो.

प्रत्येक अंकाच्या शेवटी मी नियम द्यायचो. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. समास सोडा. परतीची तिकिटं जोडा, नाहीतर लेखन परत मिळणार नाही. वर्गणीदाराचं एक लेखन वर्षातून एकदा तपासून देण्याचीही सोय ठेवली होती. तिच्यामुळेच निम्मे वर्गणीदार आले असतील. सुरुवातीला मी खरोखर वाचत असे. पुढे गठ्ठे वाढले तसं पहिली दोन पानं आणि शेवटचं पान वाचायचो आणि ठरलेल्या चार उत्तरांपैकी एक लिहून द्यायचो. 'भाषा ओघवती आहे, शेवट अधिक परिणामकारक हवा', हे उत्तर जवळजवळ कुणालाही चालायचं.

ज्यांच्यासोबत तिकिटं नसत ती लेखनं खिडकीखाली साठत गेली. सगळे फुलस्केप कागद, एका बाजूला लिहिलेले, मागून कोरे. माझ्याच नियमाने कोरे राहिलेले. यंत्राचे पहिले डागाळलेले कागद आम्ही त्या गठ्ठ्यातून घेऊ लागलो. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही. नियम छापलेला होता.

एका रविवारी शिरपूरकडून एक बाई आल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात त्या नर्स होत्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. पांढरी साडी, पायात रबरी चपला, कापडी पिशवीत एकशे बारा पानं. टपालाने न पाठवता एस.टी.च्या दोन गाड्या बदलून स्वतः घेऊन आल्या होत्या.

"सर, हे गोष्ट-बिष्ट नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या पाड्यांवर बाळंतपणात गेलेल्या एकोणीस बाया आहेत. एकेकीवर पाच-सहा पानं."

"आठवणी म्हणा की."

"आठवणी माझ्या कुठल्या? त्यांचंच आहे. रजिस्टरात लिहितात, अमक्याची बायको. नवऱ्याला विचारलं तर तोही नाव सांगत नाही, लाजतो. सासू म्हणते, मेली, आता नाव कशाला हवं? मी एकेकीच्या माहेरी जाऊन विचारून आणलंय. दुसरीकडे कुठेच नाहीत ती नावं. छापून आली तर राहतील."

"प्रत ठेवलीय ना?"

"कार्बन घातला होता, सर, पण खालचं उमटत नव्हतं. माझा हात हलका आहे. इंजेक्शनं देऊन देऊन झाला असेल," असं म्हणून त्या हसल्या. बायकोने चहा दिला. जाताना त्यांनी परतीच्या पाकिटाला टाचणीने लावलेली तिकिटं दाखवली. "तुमच्या नियमाप्रमाणे."

मी दोन महिन्यांत वाचून पाठवतो म्हणालो. सहा महिने वाचलं नाही. एकशे बारा पानं पाहिली की हात दुसऱ्या गठ्ठ्याकडे जायचा.

मधल्या एका महिन्यात अंक टाकायच्या दिवशी थोडी तिकिटं कमी पडली आणि पोस्टाची खिडकी बंद झालेली. मी बाईंच्या पाकिटाची टाचणी काढली आणि त्यांची तिकिटं वापरली. सोमवारी नवी आणून लावू, असं ठरवलं होतं. लावली नाहीत. विसरलो असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. दिसायचं आणि 'लावू' असं वाटायचं. तिकिटांविना तो गठ्ठाही मग इतरांसारखा खिडकीखाली गेला.

मग मे महिन्याचा अंक आला. वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा, कारण दिवाळी अंकांचे पत्ते आणि मुदती त्यात असत. तो उशिरा गेला तर वर्गणीदारांचं वर्ष फुकट. जळगावचा मे, पंख्याखाली कागद उडतात आणि पंखा बंद केला तर शाई पातळ होऊन बोटांना येते. पुण्या-मुंबईचे गठ्ठे झाले, नागपूर-बेळगाव झालं, आणि तिसऱ्या कागदाला कागदच उरला नाही. दुकानदार म्हणाला, माल चार दिवसांनी येईल. राहिले होते ते खानदेशातले वर्गणीदार, नव्वदेक.

तिसऱ्या कागदाची मागची बाजू आमच्याकडे नेहमी कोरी असे. म्हणजे मागे काही लिहिलेलं असलं तरी छपाईला अडत नव्हतं. मी म्हणालो, "खिडकीखालचे घे. घरचेच लोक आहेत, चालवून घेतील."

बायको खिडकीशी बसून गठ्ठे बघत होती. "हे एक जाड आहे. कागद चांगलाय, सगळा एका मापाचा. तिकिटं नाहीत यावर. घेऊ?"

मी स्टेन्सिल ताणून बसवत होतो. मान वर केली नाही. म्हणालो, "घे."

बायकोवर मी हे कधी ढकललं नाही, एवढं एक माझ्याकडून नीट झालं. तिने विचारलं होतं.

पहिली वीसेक पानं शाई पसरवण्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी बंबात. उरलेली जळगाव-धुळे जिल्ह्यांत घरोघर पोचली. मला काही कळलं नाही. पंधरवड्याने चोपड्याच्या एका वर्गणीदाराचं पत्र आलं. मध्यमवयाचा माणूस, केळीच्या बागेत मुकादम, बोलीत कविता करायचा आणि मी त्या परत करायचो. त्याने लिहिलं होतं: 'अंक मिळाला. मागच्या बाजूस कुणाचे तरी हस्ताक्षरात एका बाईची हकीगत आहे. तिला झोळीत घालून नदी ओलांडत आहेत आणि पान संपते. पुढील पान कृपया पाठवावे. बाई वाचली काय ते कळवावे. घरात सर्वजण विचारीत आहेत.'

मी पत्र दोनदा वाचलं आणि खिडकीखाली गेलो. बाईंचं बिनतिकिटाचं पाकीट तेवढं होतं. त्यांची वर्गणी मार्चमध्येच संपली होती, म्हणून तो अंक त्यांना गेला नव्हता, एवढंच.

त्या रविवारपासून मी एस.टी.ने फिरलो. यावल, चोपडा, शिरपूर, धुळे. यादीतल्या प्रत्येक घरी. सांगायचो की तिसऱ्या पानावर काही पत्ते चुकलेत, ते परत घ्यायला आलोय, नवा अंक घ्या. लोकांना केवढा आदर वाटायचा! सर स्वतः चूक सुधारायला दारात आले! यावलला एका मास्तरांनी पत्ते वहीत उतरवून कागद फेकला होता. एकीने त्यावर पापड वाळत घातले होते, तो तेलकट कागद तिने घडी घालून दिला. बऱ्याच जणांकडे काहीच नव्हतं.

चोपड्याचा मुकादम ओट्यावर बसला होता. त्याने कागद जपून ठेवला होता, पण सोडेना.

"मंग त्या बाईनं काय व्हयनं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"पुढलं पान कोठे शे?"

"तेच शोधतोय."

"तुम्ही वाचेल नही?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत बघून बायकोला मोठ्याने म्हणाला, "आयकं का वं? पत्रक यास्नं, कागद यास्ना, आन् वाची राह्यनूत आपण!" पत्रक माझं, कागद माझे आणि वाचणारे ते, यावर आतून हसण्याचा आवाज आला. त्याच्या कवितांचा सूड त्याने तेवढ्यावरच भागवला. कागद दिला.

महिनाभरात सदतीस पानं गोळा झाली. ती मी क्रमाने लावून वाचली, पहिल्यांदा. बाईंचं लेखन साधं होतं. उपमा नाहीत, रडणं नाही. कोण कुठून आली, किती तास, पाणी कुठून आणलं, सोबत कोण होतं, शेवटी काय म्हणाली. प्रत्येकीच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरात तिचं नाव. चार वर्षांत माझ्याकडे आलेलं ते सगळ्यात चांगलं लेखन होतं, आणि त्यातलं अर्धंही आता मला वाचता येणार नव्हतं. एकोणीसपैकी सात नावं माझ्या हातात होती. काहींचं फक्त नाव, पुढची पानं गेलेली.

बाईंचं कार्ड आलं: 'वाचून झाले असल्यास कळवावे. घाई नाही.'

मी सदतीस पानं पिशवीत घालून शिरपूरला निघालो तेव्हा खरं सांगायचं ठरवलं होतं. गाडीत बसल्यावर एक पान काढलं आणि उलटलं. मागे माझं पत्रक. महिना, अंक क्रमांक, दिवाळी अंकांचे पत्ते, आणि सगळ्यात खाली चौकटीत: 'कागदाच्या एकाच बाजूला लिहा.' पानं परत द्यायची तर हे त्यांच्या हातात द्यावं लागणार होतं. गाडी उतरेपर्यंत मी दुसरं ठरवलं होतं.

उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत त्या राहत. मला पाहून त्यांनी लगबगीने खुर्ची पुसली. मी म्हणालो, "सिस्टर, मी ते परत पाठवलं होतं. टपालात गहाळ झालं."

त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "रजिस्टरने?"

"नाही. साधंच."

"माझीच चूक, सर. तिकिटं रजिस्टरपुरती लावायला हवी होती. तेव्हा वाटलं होतं, पण काटकसर केली."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो.

त्यांनी चहा केला. मग विचारलं, "पण वाचलं होतंत ना? तुम्हाला कसं वाटलं?"

मी सांगू लागलो. झोळीतल्या बाईचं सांगितलं. दुसऱ्या एकीने मरताना शेजारणीला तिचा उसना घेतलेला तवा परत द्यायला सांगितलं होतं, ते सांगितलं. तिचं नाव घेतलं. बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"नाव लक्षात ठेवलंत तुम्ही!" त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांचं वाचता आणि नाव लक्षात ठेवलंत." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग गेलं तरी चालेल. एकाने तरी नीट वाचलं."

निघताना त्यांनी पुढच्या वर्षाची वर्गणी हातात ठेवली. मी घेतली. न घेण्याला काही कारण सांगता येत नव्हतं.

पत्रक चालूच राहिलं. पुढच्या अंकात मी एक चौकट टाकली: 'नुकतेच एका वर्गणीदार भगिनीचे मोलाचे लेखन टपालात गहाळ झाले. लेखन नेहमी रजिस्टरनेच पाठवावे.' त्या चौकटीबद्दल आभाराची आठ-दहा पत्रं आली. त्यातलं एक बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून छापलंत ते बरं केलंत.

त्या पत्रानंतर मला यंत्रासमोर बसवेना. तरी वर्षभर बसलो. बायको एकदा हँडल फिरवता फिरवता थांबून म्हणाली, "अहो, निदान उतरवून तरी द्या त्यांना. तुमच्या अक्षरात. आठवलं तसं लिहिलं म्हणा." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. किंवा पानं कपाटात आहेत तोवर मी अजून काही बिघडवलेलं नाही, असं मला वाटत असावं.

उतरवायला दोन महिने लागले. मी मन लावून उतरवलं, एक शब्दही बदलला नाही. तोवर बाई निवृत्त होऊन धुळ्याला धाकट्या बहिणीकडे गेल्या होत्या. पत्ता काढून गेलो तेव्हा कळलं की त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे.

बहिणीने दार उघडलं. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची लहान मूर्ती, खाली पलंग, पलंगावर बाई. उजवा हात उशीवर ठेवलेला. "बसा भाऊ," बहीण म्हणाली. "अक्काले बठ्ठं समजस. बोलणं तेवढं अडकस." मग वाकून मोठ्याने म्हणाली, "अक्का, जळगावना सर उनात!"

बाईंनी ओळखलं. डाव्या हाताने बसायची खूण केली. मी कागद पुढे ठेवले. "सिस्टर, मला जेवढं आठवत होतं तेवढं लिहून आणलंय."

त्यांनी चष्मा मागितला. बहिणीने लावून दिला. त्या वाचू लागल्या. मी एकेक पान उलटत होतो. चेहऱ्याची एक बाजू हलत होती आणि ती बाजू हसत होती. सहाव्या का सातव्या पानावर त्या थांबल्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते काढेनात.

मी वाकून पाहिलं. मूळ पानात एका ठिकाणी त्यांनी तारखेला जागा सोडून समासात बारीक अक्षरात स्वतःसाठी लिहिलं होतं, 'रजिस्टर बघून घालणे.' मी ते तसंच्या तसं, समासात, उतरवलं होतं.

त्यांनी बोट तिथेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. तिकिटं, मे महिना, "घे" म्हणालो ते, बंब, मुकादम, पापड. बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातला चहाचा कप तिच्याच हातात राहिला.

बाई रागावल्या नाहीत. रागवायला लागतं ते बळ त्यांच्यात नव्हतं, का इच्छा नव्हती, मला कळलं नाही. त्यांनी मोठ्या कष्टाने एक शब्द जुळवला. पहिल्यांदा मला समजला नाही. बहीण म्हणाली, "बाकीन्या, म्हणस ती. बाकीन्या बाया."

"सात मिळाल्या," मी म्हणालो. "बाकीच्या नाहीत."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता उठावं. मी उठलोही. पण त्यांनी डाव्या हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं, पुन्हा पुन्हा, रागाने. बहिणीने सांगितलं, "लिखा, म्हणस."

मी खिशातलं पेन काढलं आणि शेवटच्या पानाच्या मागे लिहायला बसलो. त्यांनी पहिलं नाव सांगितलं. तीनदा सांगितलं, तेव्हा मला कळलं. पाडा कोणता तेही सांगितलं. दुसऱ्या नावाला त्याहून जास्त वेळ लागला. ते बरोबर लिहिलंय का हे त्यांनी कागद डोळ्यांजवळ घेऊन पाहिलं आणि मान हलवली. तिसरीबद्दल पाडा आला, नदी आली, मुलगा झाला होता हे आलं. नाव येईना. ओठ हलत होते, आवाज निघत होता, पण ते नाव नव्हतं हे त्यांनाच कळत होतं. त्या मान झटकायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. डोळ्यांतून पाणी वाहून कानाकडे चाललं होतं.

"आते पुरे, अक्का," बहीण म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही आते निंघा."

मी पेन कागदावर टेकवून बसून होतो. "एवढं एक नाव होऊ द्या," मी म्हणालो. बहिणीने माझ्या हाताखालून कागद काढून घेतला.